पोर्ताफ्रेद्दा कुळाचा मूळपुरुष

यवतमाळात आर्णी रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत श्रीकृष्णराव मालखेडकर राहतात. घर दोन मजली, माणूस एक. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातून ते अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, तरी विभाग त्यांनी घरातल्या घरात चालूच ठेवला आहे. दुधाची पिशवी आली की ती आवक, चहाचा कप मोरीत गेला की ती जावक. पत्नी शुभदाताई होत्या तोवर या विभागाला वरिष्ठ होत्या आणि श्रीकृष्णरावांचे बरेचसे प्रस्ताव त्या जागच्या जागी फेटाळत. त्या गेल्यापासून सगळे प्रस्ताव मंजूर होतात. रात्रीच्या जेवणाला पोहे चालतील का? चालतील. दिवाळीला फराळ न केला तर? हरकत नाही. आपल्याच अर्जावर आपणच सही करण्यात काय सुख आहे, हे ज्याने केलं आहे त्यालाच कळेल.

या माणसाचं एकच व्यसन, ते म्हणजे कुलवृत्तांत. मूळपुरुषापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे मालखेडकर शाखावार मांडायचे, हे काम त्यांनी नोकरीत असतानाच अंगावर घेतलं. त्यासाठी ते एसटीने अमरावती, वाशीम, बऱ्हाणपूर, रायपूर असे हिंडले. मालखेडकर अशी पाटी दिसली की बेल वाजवायची आणि दार उघडणाऱ्याला नमस्काराच्याही आधी विचारायचं, "आपले पणजोबा कोण?" काही घरांत त्यांना जनगणनेवाला समजून पाणी मिळालं, काही घरांत विमा एजंट समजून तेही मिळालं नाही. पण ग्रंथ निघाला. जाडजूड, लाल कापडी बांधणीचा. शुभदाताईंनी तो कित्येक वर्षं पापड सपाट करायला वापरला आणि त्या कामाला तो खरोखर उत्तम होता.

ग्रंथाचे नियम श्रीकृष्णरावांनीच केले होते आणि ते कडक होते. मुलीचं नाव, जावयाचं नाव, सासरचं गाव, की पूर्णविराम. मुलीची मुलं तिच्या सासरच्या कुळाची. सासरच्यांचा कुलवृत्तांत तयार असेल तर 'पुढील वंश तेथे पाहावा' एवढी ओळ द्यायची. तो नसेल आणि घरात मुलगाही नसेल, तर त्या घरापुढे दोन शब्द लिहायचे: 'शाखा समाप्त.'

पहिल्या आवृत्तीच्या वेळी धाकटी बहीण शीला नागपूरहून आली होती. म्हणाली, "दादा, माझे दोघं याच अंगणात रांगले. त्यांच्या दोन ओळी लिही ना."

श्रीकृष्णरावांनी तिला नियम समजावून सांगितला. उपनियमही सांगितला. शीलाताईंनी सगळं ऐकलं, चहा संपवला आणि जाताना ग्रंथाची प्रत टेबलावर तशीच ठेवून गेल्या. शुभदाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, हा कुलवृत्तांत नाही, कुलूपवृत्तांत आहे." प्रस्ताव फेटाळला जात होता, पण त्या दिवशी श्रीकृष्णराव ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

यंदा दुसरी आवृत्ती निघायची होती. अमरावतीला मालखेडकरांचं संमेलन भरणार, तिथे प्रकाशन. प्रेसवाल्या बबलूला मजकूर येत्या संक्रांतीनंतर लगेच हवा होता. एकेक शाखा तपासत श्रीकृष्णराव दिवाळीच्या सुमाराला स्वतःच्या पानावर आले.

श्रीकृष्ण. पत्नी शुभदा (दिवंगत), पुढे तिच्या वडिलांचं नाव, गाव. कन्या शाल्मली, पती निकोलस पोर्ताफ्रेद्दा, पिट्सबर्ग, अमेरिका. पूर्णविराम.

पुढचे दोन शब्द त्यांनी आजवर कितीतरी घरांपुढे लिहिले होते. आता पेन तिथेच राहिलं. ते उठले, गॅस बंद आहे का ते बघून आले. गॅस सकाळपासून लावलाच नव्हता.

पिट्सबर्गला त्यांची नात होती. नीना, वय वर्षं नऊ. दर रविवारी सकाळी शाल्मलीचा व्हिडिओ कॉल येई. नीना पडद्यावर येऊन "हाय आबा" म्हणे, मग फोन टेबलावर उताणा पडे आणि आबांना अमेरिकेतलं छत दिसे. त्या छताची त्यांना स्वतःच्या छतापेक्षा जास्त ओळख होती. डाव्या कोपऱ्यात एक ओल होती आणि ती दर पावसाळ्यात, म्हणजे तिकडे जे काही असतं त्यात, थोडी वाढत होती. आजोबा आणि नात यांच्यात एवढंच दळणवळण. आता तिचं नाव त्यांच्या पानावरही येणार नव्हतं.

नियम मोडायचा? मग शीलाला काय सांगायचं? तिच्या मुलांना नाही म्हटलं आणि स्वतःच्या नातीला हो? तसं करण्यापेक्षा यवतमाळ सोडून गेलेलं बरं. पण नोकरी सरकारी असल्यामुळे नियम न मोडता त्यातून वाट काढणं श्रीकृष्णरावांना येत होतं. सासरच्यांचा कुलवृत्तांत तयार असेल तर दोन शब्द लिहायचे नाहीत. तयार नसेल तर? तयार करायचा!

ही गोष्ट त्यांनी प्रथम शेजारच्या बबनरावांना सांगितली. बबनरावांची शेती दारव्ह्याकडे, कापूस, सोयाबीन, तूर. नातवंडांच्या शाळेसाठी घर यवतमाळात. रोज सकाळी मोटरसायकलवर वावरात निघण्यापूर्वी ते श्रीकृष्णरावांच्या ओट्यावर टेकत आणि श्रीकृष्णरावांच्या आयुष्याची थोडी चेष्टा करत. ती झाल्याशिवाय त्यांना वावरात काम सुचत नसे.

"काय म्हंता साहेब? पोटफोडे?"

"पोर्ताफ्रेद्दा."

"हां, तेच. दिग्रसले हायेत पोटफोडे. भले लोक. सोयरीक काई वाईट नाई."

"अहो, इटालियन आडनाव आहे. अमेरिकेतसुद्धा दुर्मिळ. इंटरनेटवर सगळीकडे शोधलं, यांचं एकच घराणं सापडतं."

"टिपेश्वरच्या वाघाले बी तुमी दुर्मिळच म्हंता. मंग त्याच्या गयात पट्टा घालता अन् मोजत बसता."

"म्हणूनच लिहून ठेवायला हवं ना!"

"जित्या मान्साले फोन करा न साहेब. मेलेले कायले हुडकून राह्यले तुमी?" बबनरावांनी किक मारली. भिंतीपलीकडून त्यांची नात सलोनी आणि नातू नयन यांचं भांडण ऐकू येत होतं, आणि त्यावर पत्नी विमलताईंचा आवाज. बबनरावांना कुलवृत्तांत लागत नव्हता. त्यांचा कुलवृत्तांत दिवसभर केकाटत असे.

श्रीकृष्णरावांनी मालखेडकरांचा छापील नमुना घेतला, त्याचं कचेरीतल्या इंग्रजीत भाषांतर केलं आणि तो व्याह्यांना पाठवला. व्याही म्हणजे निकचे वडील, व्हिन्सेंट. पिट्सबर्गमध्ये सिटी बस चालवून निवृत्त झालेले, बायको वारलेली, घरात एकटेच. लग्नात दोघांची पडद्यावर ओळख झाली होती, तेव्हा दोघांनीही एकमेकांना हात हलवून दाखवला होता आणि मग दहा-बारा वर्षं हात खाली ठेवला होता.

व्हिन्सेंटरावांचा फोन दोन दिवसांत आला. आपल्याकडची सकाळ म्हणजे त्यांच्याकडची रात्रीच्या जेवणाची वेळ. त्यांच्यासमोर सूप होतं, यांच्यासमोर पोहे.

"क्रिश," ते म्हणाले, कारण श्रीकृष्ण हे नाव त्यांनी पहिल्याच मिनिटात छाटून टाकलं होतं, "हे गोत्र काय आहे?"

श्रीकृष्णरावांनी ऋषींपासून सुरुवात केली. पोहे गार झाले. व्हिन्सेंटरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आपला रक्तगट सांगितला. श्रीकृष्णरावांनी तो लिहून घेतला. कुलदैवत? सेंट अँथनी, हरवलेल्या वस्तू शोधून देतो. आणि त्याच्या खालोखाल पिट्सबर्गचा फुटबॉल संघ, तो वस्तू हरवतो. कुळाचार? नाताळच्या आदल्या रात्री माशांचे सात प्रकार झालेच पाहिजेत. ज्या माणसाने उभ्या जन्मात बोंबील दुरूनही पाहिला नव्हता, त्याने 'नैवेद्य' या रकान्यात सातही मासे वळणदार अक्षरात लिहिले.

"मूळ गाव?"

"इटली."

"व्हिन्सेंटराव, इटली हे गाव नव्हे."

"माझ्यासाठी आहे. मी कुठे गेलोय?"

मग आडनावाचा अर्थ निघाला. पोर्ता म्हणजे दार, फ्रेद्दा म्हणजे थंड. व्हिन्सेंटरावांच्या वडिलांनी सांगितलेली हकीकत अशी, की डोंगरावर आपल्या घराण्याची एक गढी होती, तिला एवढं प्रचंड दगडी दार की भर उन्हाळ्यातही त्याला हात लावला तर गार लागायचं. त्या दारावरून नाव पडलं. श्रीकृष्णराव खूश झाले. मालखेडवरून मालखेडकर, तसं हे. आडनाव आहे म्हणजे मागे गाव असलंच पाहिजे, याबद्दल त्यांच्या मनात कधी शंकाच आली नव्हती. ज्याच्या मागे गाव नाही असं नाव त्यांच्या ग्रंथात एकही नव्हतं.

आणि मग गाव शोधता शोधता एक वेगळीच गोष्ट झाली. व्हिन्सेंटराव एक दिवसाआड फोन करू लागले. कधी रकाना भरायला, कधी नुसतंच. फोन ते टेबलावर उताणा टाकत नसत. साखरेच्या डब्याला टेकवून उभा करत, त्यामुळे छताऐवजी त्यांचा चेहरा दिसे. खिडकीबाहेर साचलेला बर्फ त्यांनी दाखवला. श्रीकृष्णरावांनी ओट्यावर जाऊन बबनरावांच्या अंगणातला कापसाचा ढीग दाखवला. पांढरं पाहून व्हिन्सेंटराव म्हणाले, "अरे, तुमच्याकडेही पडतो?" इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असल्यामुळे, समोरचा आपल्याला तुम्हीच म्हणतो आहे असं श्रीकृष्णरावांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. पोहे ते आता दोन वेळा चाळून, कोथिंबीर वगैरे घालून करू लागले होते. समोर पाहुणा असल्यावर तसंच करावं लागतं.

फक्त गाव सापडत नव्हतं. इटलीचा नकाशा त्यांनी संगणकावर टाचेपासून मांडीपर्यंत पालथा घातला. थंड दाराचं गाव नाही.

"व्हिन्सेंटराव, घरात कोणी वडीलधारं नाही का? आमच्यात अशा वेळी आत्याला विचारतात."

वडीलधारी होती. मोठी बहीण रोझ, नव्वदीच्या घरातली, वृद्धाश्रमात. शेवटी एका सकाळी तिघं एका कॉलवर आले. रोझबाईंना कमी ऐकू येई, त्यामुळे तिघंही ओरडून बोलत होते. पलीकडून विमलताईंनी भिंतीवर वाटी वाजवून विचारलं, "भाऊजी, भांडन झालं का कोनाशी?"

"रोझ, क्रिशला गढीबद्दल सांग," व्हिन्सेंटराव म्हणाले.

"कसली गढी?"

"आपली. मोठं दार. बाबा सांगायचे ते."

"व्हिनी," रोझबाई म्हणाल्या, "ते तू झोपावंस म्हणून सांगायचे."

आणि मग, शंभर वेळा मनाशी बोललेली गोष्ट एकदाची तोंडातून सुटावी, तसं त्या सांगत गेल्या. गढीबिढी नव्हती. दार होतं, पण ते अनाथाश्रमाचं. दक्षिणेकडच्या कुठल्याशा शहरात, ऐन थंडीत, पहाटे कोणीतरी एक पोर त्या दाराशी ठेवून गेलं. तिथे अशी पोरं नेहमीची. त्यांना आईबाप नसत म्हणून आडनावंही नसत. मग आश्रमाचा कारकून आडनावं बनवी. रोज नवीन बनवावं लागे, म्हणून त्या दिवशी जे सुचेल ते. त्या सकाळी त्याला थंड दार सुचलं. ते पोर म्हणजे व्हिन्सेंटरावांचे आजोबा, जोव्हान्नी. मोठे झाल्यावर बोटीने अमेरिकेत आले. ते एकटेच, म्हणून आडनावही एकटंच. जगात दुसऱ्या कोणाला ते मिळण्याचं कारणच नव्हतं.

पडद्यावर व्हिन्सेंटरावांचं सूप होतं, चमचा होता, आणि ते स्वतः बाजूला बघत होते. श्रीकृष्णरावांच्या पुढ्यात नमुना होता. मूळपुरुष: जोव्हान्नी. मूळपुरुषाच्या वडिलांचे नाव: आणि पुढे टिंबटिंब. त्यांच्या तोंडून सवयीने निघालंच, "आणि त्यांचे वडील..."

"पुस्तक बंद कर," व्हिन्सेंटराव म्हणाले. पडदा काळा झाला.

रविवारी शाल्मलीचा फोन आला. या वेळी छत दिसलं नाही, तीच दिसली.

"बाबा, काय गरज होती? डॅड आठवडाभर कोणाशी बोलत नाहीयेत. सत्तर वर्षं ज्या माणसाची गढी होती तिची तुम्ही वीट न वीट काढलीत."

"मला काय माहीत गं. मी नुसतं मूळ गाव विचारलं."

"ते कशाला पण? तुम्हाला नातीशी बोलायचंय तर नातीशी बोला ना. तिच्या खापरपणजोबाशी तुमचं काय काम?"

नात तिच्या खोलीत होती आणि खोलीचं दार लावलेलं होतं. श्रीकृष्णराव म्हणाले, "बरं." खापरपणजोबा म्हणजे जोव्हान्नी, ते तर ठाऊक आहेत, ठाऊक नाहीत ते त्यांचे वडील, ही दुरुस्ती त्यांच्या जिभेवर आली होती. ती त्यांनी गिळली. आयुष्यात गिळलेली ती बहुधा त्यांची पहिलीच दुरुस्ती.

एक दिवसाआडचे फोन बंद झाले. श्रीकृष्णराव सकाळी पोहे करत, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करत आणि खात. फोनमध्ये त्यांचाच चेहरा दिसे. काही दिवसांनी ते कोथिंबीर घालेनासे झाले, मग पोहेच करेनासे झाले. चहात बिस्किट बुडवलं की विभागाचं सकाळचं कामकाज संपे.

विमलताईंनी एका दुपारी वांग्याचं भरीत आणि भाकर पाठवली, आणि ती घेऊन बबनराव स्वतः आले. हा माणूस चेष्टेविना ओट्यावर बसला म्हणजे त्याला घरून ताकीद मिळालेली असणार.

"काय झालं साहेब? दोन आठोडे झाले, तुमची इंग्रजी आयकू येऊन नाई राह्यली."

श्रीकृष्णरावांनी सगळं सांगितलं. बबनरावांनी मान खाली घातली.

"टाकून देल्लं पोरगं? थंडीचं?"

"हो."

"मंग? उचललं कोनं?"

"आश्रमातल्याच कोणीतरी. कारकुनाने असेल."

"म्हंजे तुमच्यासारख्यानं," बबनराव म्हणाले आणि भाकर त्यांच्यापुढे सरकवली. "खाऊन घ्या. भांडे उद्या द्या."

ते गेले, पण ते वाक्य ओट्यावर राहिलं. श्रीकृष्णराव तरुणपणी पांढरकवड्याला शाळेत कारकून होते. जूनमध्ये आसपासच्या कोलामांच्या पोडांवरून, तांड्यांवरून, गावांतून माणसं पोरं घेऊन येत. जन्मतारीख? आई म्हणे, पऱ्हाटी वेचून राह्यलो होतो तवा झाला. बाप म्हणे, नाई, त्याच्या आदल्या साली. श्रीकृष्णराव मान वर न करता लिहीत: एक जुलै. एका दिवसात अख्खा वर्ग एक जुलैला जन्माला येई. पुढे ती पोरं मोठी झाली, नोकऱ्यांत लागली, आणि आता जिल्ह्यातल्या निम्म्या कचेऱ्यांत तीस जूनला एकाच दिवशी निवृत्तीचे हारतुरे होतात. याचा त्यांना नेहमी थोडा अभिमानच वाटत आला होता. काम झटपट केलं याचा.

आणि तो इटलीतला कारकून. रोज नवीन आडनाव. त्यालाही एक जुलै लिहिता आलं असतं. कोणी विचारणार नव्हतं. पण हा माणूस खुर्चीतून उठून दाराशी गेला असणार. पोर जिथे सापडलं तिथे हात लावून बघितलं असणार, नाहीतर दार थंड आहे हे त्याला कळलं कसं? निदान एवढं तरी त्याने लिहून ठेवलं की त्या पोराला थंडी वाजली होती.

श्रीकृष्णरावांनी भाकर तशीच झाकून ठेवली आणि पिट्सबर्गला फोन लावला. कोणी उचलला नाही. निरोप ठेवा, असं एक यांत्रिक बाई म्हणाली. ठेवला. कचेरीतल्या इंग्रजीत, पण भराभर, टिपण न काढता.

"व्हिन्सेंटराव, मी श्रीकृष्ण मालखेडकर, यवतमाळहून. मी या विषयातला अनुभवी माणूस आहे म्हणून सांगतो. मूळपुरुषाला बाप नसतोच. कोणाच्याच मूळपुरुषाला नसतो. बाप सापडला तर तो मूळपुरुष कसला? आमचे नारायणभट मालखेडला आले. कुठून आले? मी छापलंय, 'दक्षिणेकडून'. ते मी काहीतरी लिहावं लागतं म्हणून लिहिलं. दक्षिणेत कोण होतं, त्यांना कोणी हाकललं, कोणी दाराशी ठेवलं, देवाला ठाऊक. तुमच्या जोव्हान्नींचं निदान दार तरी ठाऊक आहे. आमच्याकडे तेही नाही. मला गढी नको होती. मला..." इथे वेळ संपल्याची शिट्टी वाजली.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही. संक्रांत झाली. विमलताईंनी तिळगूळ दिला. शाल्मलीने तिळगुळाचं चित्र पाठवलं, त्याला नीनाने एक हसरा चेहरा जोडला होता, किंवा फोनने आपोआप जोडला असेल.

बबलूचा फोन आला. "काका, सगळं कंपोज झालं. तुमचंच पान अटकलंय. काय टाकू?"

"बघतो."

"पुढील वंश पोर्त... हे जे काय आहे ते पाहावा, असं पेन्सिलीनं लिहिलंय तुम्ही. ते टाकून देतो न. कोण पाह्यते, काका?"

कोणी पाहणार नव्हतं, हे खरं होतं. पण तो कुलवृत्तांत तयार नव्हता, हेही खरं होतं. तो पाच-सहा रकान्यांनंतर बंद पडला होता, त्यात एक रक्तगट आणि सात मासे होते. श्रीकृष्णरावांनी पेन्सिलीची ओळ खोडरबराने पुसली, कागदावरचे कण फुंकर मारून उडवले आणि पेनाने दोन शब्द लिहिले. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. ते स्वतः रिक्षाने प्रेसला जाऊन पान देऊन आले.

अमरावतीला संमेलन थाटात झालं. मंगल कार्यालय भरलं होतं, तीन पिढ्यांचे मालखेडकर एकमेकांना "तुम्ही कोणत्या शाखेचे?" असं विचारत मठ्ठा पीत होते. संपादकांना शाल, श्रीफळ. लोक प्रत हातात घेतली की आधी आपलं पान उघडत, मग संपादकांचं. ते वाचून झाल्यावर त्यांच्याकडे येत आणि "वा, फार मोठं काम" असं म्हणता म्हणता आवाज उगाच खाली आणत. रायपूरच्या एका मालखेडकरांनी तर खांद्यावर हात ठेवला आणि काढायला विसरले. परतीच्या एसटीत श्रीकृष्णरावांना खिडकीजवळची जागा मिळाली. नेरच्या पुढे दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली शेतं होती आणि पऱ्हाट्या तेवढ्या उभ्या होत्या. मांडीवरचा नारळ घसरू नये म्हणून त्यांनी शाल त्याभोवती गुंडाळली.

त्यानंतर किती दिवसांनी कोण जाणे, उन्हं तापायला लागली होती, एका सकाळी फोन वाजला. श्रीकृष्णराव बिस्किट चहात बुडवत होते, ते तुटून तळाला गेलं. पडद्यावर साखरेचा डबा, मग चष्मा, मग व्हिन्सेंटराव.

"क्रिश, तुझा तो निरोप मी खूप वेळा ऐकला," ते म्हणाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "निम्मा कळला. मग रोझला ऐकवला. तिला ऐकू येत नाही, पण कळला सगळा."

"बरं केलंत."

"मी तुझा कागद भरतोय. आजोबांच्या वडिलांच्या जागी रेघ मारली. सरळ रेघ. चालेल?"

"चालेल."

"मग माझे वडील, मग मी, मग निक. निकच्या बायकोचा रकाना आलाय. त्यात तिच्या बापाचं नाव विचारलंय. आणि बापाचं गाव." त्यांनी कागद चष्म्याजवळ नेला. "हे तूच ना?"

पुस्तक छापून झालं होतं. आता कुलवृत्तांत तयार झाला तरी त्या दोन शब्दांचं काहीच होणार नव्हतं. हे सांगायला श्रीकृष्णरावांनी तोंड उघडलं. पण सुनेच्या माहेरचा तो रकाना त्यांनीच घातला होता. घराण्यात आलेल्या प्रत्येक सुनेपुढे तिच्या बापाचं नाव आणि गाव त्यांनी भरलं होतं. अमक्याची कन्या, तमक्या गावची. त्या अर्ध्या ओळीत कोणीतरी बसलेलं असतं, आपल्या मुलीच्या सासरच्या पुस्तकात, एका कडेला, हे इतक्या वर्षांत त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

"मीच," ते म्हणाले.

"तुझ्या नावाची अक्षरं लग्नाच्या पत्रिकेवरून उतरवून घेतली. गावाचं सांग. हळू सांग, माझं पेन जुनं आहे. आणि खाली नीनाचं लिहायचंय, ती म्हणते तिचं ती लिहिणार, उद्या शाळेतून आल्यावर. जागा सोडून ठेवतो."

"सोडा," श्रीकृष्णराव म्हणाले. मग इंग्रजी अक्षरं सांगायला सुरुवात केली.

"वाय."

पिट्सबर्गमध्ये पेन कागदावर खरखरलं.

"ए."

बबनरावांच्या घरात कोणीतरी कोणाची तरी पेन्सिल घेतली होती आणि त्यावरून आरडाओरडा चालला होता. श्रीकृष्णरावांनी एका हाताने दुसरा कान झाकला.

"व्ही."

"थांब, थांब," व्हिन्सेंटराव म्हणाले.

"थांबलोय," श्रीकृष्णराव म्हणाले. "सावकाश होऊ द्या."